पुण्याहून तारकर्ली: पहिला दिवस उजेडात संपवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्र डिसेंबरात चार दिवसांसाठी पुण्याहून मालवणजवळच्या तारकर्लीला निघालेत. गाडी एकाच्या वडिलांची, सात आसनांची, डिझेलवरची. तिघांचा हात चांगला बसलेला, चौथ्याने नुकतंच लायसन्स काढलंय, पाचव्याला गाडी येत नाही आणि घाटात त्याला हमखास उलट्या होतात. शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्री अकराला निघायचं आणि सकाळी थेट समुद्रावर उतरायचं, म्हणजे एक दिवस वाचेल, असा बेत. हा बेत बरोबर आहे का, आणि पहिल्या दिवसात वाटेत काय काय बसवता येईल?

माझं पोट याच कामावर आहे. गटांना घेऊन मी कोकणात गाडी चालवतो, आणि ज्यांना स्वतःच चालवत जायचंय त्यांना रस्ता आणि वेळापत्रक आखून देतो. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो: रात्री निघू नका. शनिवारी पहाटे साडेपाचला निघा, दुपारी एकच्या सुमारास घाटाच्या माथ्यावरचं गगनबावडा गाठा, घाट भर उजेडात उतरा आणि चार-साडेचारपर्यंत तारकर्लीत गाडी लावा. मोठा थांबा एकच, कोल्हापुरात.

आता रात्रीच्या बेताचा हिशोब मांडू. शुक्रवारी तुम्ही सगळे सकाळी सातला उठलेले असणार. दिवसभर ऑफिस, मग घरी येऊन बॅग, जेवण, आणि अकराला गाडीत. म्हणजे पुणं सोडतानाच सोळा तासांचं जागरण झालेलं. कोल्हापूर येईल साडेतीनच्या सुमारास आणि गगनबावडा पाचला. घाटाच्या तोंडाशी गाडी ज्याच्या हातात असेल तो बावीस तास जागा असेल. सलग 17 ते 19 तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात, हे प्रयोगांत मोजलं गेलंय. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. थेंबभरही न घेता तुमचा चालक त्या मर्यादेच्या पुढे गेलेला असतो, आणि नाक्यावरच्या यंत्रात हे कधीच दिसत नाही.

त्यात पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ. या वेळेत झोप येते ती डुलकीसारखी कळत येत नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो. ताशी 90 च्या वेगाने गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. चार सेकंदांत शंभर मीटर, कुणाच्याही ताब्यात नसलेले. गाणी मोठ्याने लावणं, काच उघडणं, चेहऱ्यावर पाणी मारणं यांनी पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील, किंवा कडेच्या पट्टीवरची घरघर एकदा जरी ऐकू आली, तरी गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं. कॉफीचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून क्रम हाच ठेवा.

आणि वाचलेल्या दिवसाचं काय? सकाळी आठला तुम्ही तारकर्लीत, खोली मिळणार अकरा-बाराला. तोवर वाळूवर आडवे, मग खोलीत शिरून संध्याकाळपर्यंत झोप. असे गट मी दर मोसमात पाहतो. दुपारी चारला सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर येतात आणि ‘आज काही केलंच नाही’ म्हणून एकमेकांवर चिडतात. पहाटे निघालेला गट त्याच वेळेला पोचतो, पण ताजा असतो, आणि वाटेतला सगळा मुलूख त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

‘रात्री रस्ता मोकळा असतो’ हे मला प्रत्येक गटातला एक जण तरी सांगतो. छोट्या गाड्या कमी असतात, हे खरं. ट्रक आणि लक्झरी बस रात्रीच धावतात, आणि कडेला दिवे न लावता उभे केलेले ट्रकही रात्रीच भोवतात. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिसेंबर म्हणजे उसाचा गाळप हंगाम. कराडपासून पुढे, आणि कोल्हापूर ते गगनबावडा या पट्ट्यात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. तो कारखान्याला जातो दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवरून. मागची ट्रॉली भरताना ऊस दोन्ही बाजूंनी हात-दोन हात बाहेर येतो, मागचा दिवा असलाच तर मोळ्यांआड जातो, आणि रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला असतो. अंधारात समोरून कुणी अप्पर मारत आला की तुमच्या डोळ्यांपुढे पांढरं होतं. त्या पांढऱ्याच्या मागे, तुमच्याच लेनमध्ये, ताशी पंधराच्या वेगाने ही ट्रॉली चाललेली असते. ती दिसते तेव्हा उसाची टोकं काचेच्या उंचीवर असतात. कधी ट्रॉली रस्त्यातच पंक्चर होऊन उभी असते आणि खूण म्हणून मागे चार दगड मांडलेले असतात, आणि माल काढला की ते दगड तिथेच राहतात. बैलगाड्या असतात त्या वेगळ्या. उजेडात यातलं सगळं शंभर-दोनशे मीटरवरून दिसतं आणि आरामात टाळता येतं. रात्र टाळा असं मी जीव तोडून सांगतो त्यामागे झोपेइतकंच हेही कारण आहे.

आता आदल्या दिवशीचं. निघण्याची वेळ घड्याळात ठरत नाही, आदल्या रात्रीच्या झोपेत ठरते. ‘सगळे एकाच घरी झोपू, म्हणजे सकाळी उशीर होणार नाही’ ही कल्पना सोडून द्या. पाच मित्र एका खोलीत जमले की दोन वाजेपर्यंत गप्पा रंगतात. मैत्रीत हे व्हायलाच हवं, पण तारकर्लीत गेल्यावर. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा गाडीत टाकून घ्या, प्रत्येकाने आपापल्या घरी दहाला झोपायचं, आणि सकाळी गाडी बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या क्रमाने एकेकाला घेत यायची: कोथरूडवाला आधी, मग वारजे, शेवटी नवले पूल. ज्याला नेहमी उशीर होतो तो वाटेवरचा शेवटचा ठेवू नका, सर्वांत आधी त्याच्या दारात जा. आधीच्याला उठवता येतं. शेवटच्यासाठी चौघे रस्त्यावर थांबून राहतात आणि दिवसाची पहिली कुरबुर तिथेच सुरू होते.

गाडीचं काम फार नाही, पण तेही शुक्रवारीच उरका. टायरची हवा थंड टायरवर तपासा. चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर दोन आकडे असतात: कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. तुम्ही पाच जण सामानासह म्हणजे भरलेल्या गाडीचा आकडा. स्टेपनीतही हवा भरून घ्या, आणि जॅक-पाना कुठे आहे ते उघडून बघा. वडिलांच्या गाडीत मुलाला ते बऱ्याचदा माहीत नसतं. टाकी फुल करा. अंतर चारशेच्या आसपास आहे, लिटरला पंधराचा सरासरी धरला तरी सत्तावीस लिटर लागतील, म्हणजे वाटेत डिझेलसाठी थांबायला नको. फास्टॅगमध्ये पैसे टाका. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके कोल्हापूरपर्यंतच लागतात, आणि टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट जातात. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. वडिलांना एवढं मात्र स्पष्ट सांगा की गाडी तुमच्याबरोबर आणखी कोण कोण चालवणार आहे. मालकाची परवानगी आणि चालकाचं वैध लायसन्स, या दोन गोष्टींवर विमा उभा असतो.

सामान मागे भरताना जड बॅगा खाली आणि सीटला टेकवून ठेवा. सीटच्या पाठीच्या वर काहीही रचू नका. ब्रेक जोरात लागला की कॅमेऱ्याची पेटी किंवा पाण्याचा पाच लिटरचा कॅन थेट पुढच्याच्या मानेवर येतो. धोक्याचा लाल त्रिकोण सगळ्यांत शेवटी, हाताला लागेल असा ठेवा. आणि मागच्या तिघांनीही पट्टे लावायचे. कायद्यात ते आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्या माणसाला मारतो.

निघालात की कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, आणि पुढे खंबाटकी. सलग सुट्ट्या असतील तर खेड शिवापूरला सातनंतर रांगा लागतात आणि खंबाटकीच्या चढाला ट्रक बंद पडून वाहतूक तुंबते. साडेपाचला निघायचं ते यासाठी. पुण्याकडून जाताना तुम्ही घाट चढता, येताना बोगद्यातून येता, हे लक्षात असू द्या. चढाला ओव्हरलोड ट्रक चालीच्या वेगाने जात असतात. त्यांच्यामधून डावी-उजवी करत काढू नका, एक लेन धरून चढा. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा. सूर्य सातला उगवतो, म्हणजे खंबाटकी उतरताना उजाडलेलं असेल आणि अंधारातलं ड्रायव्हिंग तासाभराचंच होईल, तेही झोप झालेल्या माणसाच्या हातून.

पहिला चहा साताऱ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, दहा मिनिटांचा. कंदी पेढे परतीच्या वाटेवर घ्या. आत्ता घेतलेले गाडीत उन्हात मऊ होतील आणि कराडपर्यंत संपतील. साताऱ्यापुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वळवलेला रस्ता लागतो. वळणाच्या पाट्या अचानक येतात, म्हणून तिथे पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. मोजायचं असं: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा, आणि मगच तुम्ही त्या खांबापाशी पोचायला हवं.

चालक बदलायचा दर दोन-तीन तासांनी. तो दमला म्हणून नव्हे, दमायच्या आधी. तुमच्या गटासाठी मी अशी वाटणी करेन: पुणे ते कराड ज्याची गाडी आहे तो, कारण अंधार आणि शहराबाहेरची गर्दी त्याने सवयीच्या गाडीत काढावी. कराड ते गगनबावडा दुसरा, मधे कोल्हापूरचा थांबा आहेच. घाट आणि वैभववाडीपासून तळेरेपर्यंत तिसरा. ज्याने घाटात याआधी गाडी चालवलीय असा. तो पुण्यापासून मागे बसून झोपला तरी चालेल, उलट झोपावंच. तळेरे ते कसाल नव्या लायसन्सवाल्याला द्या. मुंबई-गोवा महामार्गाचा सिंधुदुर्गातला हा भाग चौपदरी आणि काँक्रीटचा आहे, उजेड असेल, शेजारी गाडीमालक बसेल. त्याला वगळू नका. चार दिवस ज्याच्या हातात एकदाही चावी येत नाही तो मित्र तिसऱ्या दिवशी रात्री, सगळे थकलेले असताना, ‘आता मी घेतो’ म्हणतो, आणि तेव्हा त्याला नाही म्हणणं जड जातं. पहिल्याच दिवशी त्याला चांगला रस्ता द्या. फक्त, त्याच्याकडे पक्कं लायसन्स असायला हवं, शिकाऊ नव्हे. कसाल ते मालवण पुन्हा मालकाने घ्यावं. तो रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, समोरून एसटी येते आणि तिला रस्ता द्यावा लागतो.

चालकाशेजारी बसणाऱ्यालाही काम असतं, आणि ते झोपण्याचं नाही. नकाशा त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, पाण्याची बाटली उघडून देणं त्याच्याकडे. गाणं बदलायलाही चालकाने हात लावायचा नाही. शेजारच्याला झोप येत असेल तर त्याने मागे जावं आणि जागा माणूस पुढे यावा. मागे दोघं घोरताहेत, शेजारचाही पेंगतोय, अशा गाडीत चालकालाही झोप लागते. आणि वेग, थांबा, ओव्हरटेक या तिन्ही बाबतींत शब्द चालकाचा. मागून ‘काढ ना, काढ’ म्हणणं बंद. याउलट ‘हळू घे, मला भीती वाटतेय’ असं कुणीही म्हटलं की चालकाने वाद न घालता वेग कमी करायचा. हे दोन नियम निघायच्या आधी, बॅगा भरतानाच सगळ्यांसमोर बोलून घ्या. रस्त्यावर बोललात तर ते टोमण्यासारखे लागतात.

कोल्हापुरात साडेदहापर्यंत पोचाल. इथे प्रत्येकाच्या मनात काहीतरी असतं. एकाला अंबाबाईचं दर्शन, दुसऱ्याला पन्हाळा, तिसऱ्याला रंकाळ्यावर फोटो, आणि सगळ्यांना तांबडा-पांढरा रस्सा. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर आहे; जाऊन-येऊन आणि पाहून तीन तास कुठे गेले ते कळत नाही. शनिवारी दर्शनाची रांग किती असेल ते कुणी सांगू शकत नाही. यातलं काहीही पहिल्या दिवशी घेऊ नका. परतीच्या दिवशी एक ठेवा आणि ज्याची इच्छा आहे त्याला तसा शब्द द्या, म्हणजे त्याला डावलल्यासारखं वाटणार नाही.

जेवणाबद्दल मी अगदी ठाम आहे. मटणाची थाळी, तांबडा-पांढरा वाटीवर वाटी, वर भात, दीड वाजता उठायचं आणि तिथून घाटाकडे निघायचं, यासारखा वाईट क्रम दुसरा नाही. दुपारी दोन ते चार शरीर तसंही सुस्तावतं. त्यात भरलेलं पोट आणि समोरून येणारं ऊन. गगनबावड्याच्या आधीच चालकाच्या पापण्या जड होतात आणि घाटात मागच्याच्या पोटातला रस्सा वर येतो. त्यापेक्षा साडेदहाला मिसळ खा, दोन पावांत थांबा, वर चहा घ्या, आणि सव्वाअकरापर्यंत उठा. ते नाश्ता आणि जेवण यांच्यामधलं खाणं होतं आणि अडीच-तीनपर्यंत पुरतं. कणकवलीत माशाचं ताट मिळतं, तिथे हलकं जेवा. घाट तोवर मागे पडलेला असेल.

उलट्या होणाऱ्या मित्राला कोल्हापुरातून निघतानाच पुढच्या सीटवर बसवा, घाट सुरू झाल्यावर नव्हे. एव्होमिन त्याला आधी मानवलेली असेल तर ती तासभर आधी घ्यायची, म्हणजे कोल्हापूर सोडतानाच; मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते, म्हणून त्या दिवशी चालवणाऱ्या कुणीही ती घ्यायची नाही. सर्दीची गोळी घेतलेल्यानेही गाडी चालवायची नाही. उलट्या होणाऱ्याने फोनमध्ये बघायचं नाही, दूरच्या वळणाकडे बघायचं. रिकाम्या पोटीही मळमळतं, तेव्हा त्याला उपाशी ठेवू नका. नकाशाचं काम तेवढा वेळ मधल्या सीटवरच्याकडे द्या.

तावडे हॉटेलच्या चौकातून शहरात शिरून, रंकाळ्याच्या बाजूने फुलेवाडीतून गगनबावड्याचा रस्ता लागतो. पंचावन्न किलोमीटर, सव्वा तास धरा. उसाच्या ट्रॅक्टरांमागे घाई करू नका. ते वळणाला किंवा फाट्याला बाजू देतात. गगनबावड्यात दहा मिनिटं उतरा, चालक बदला, आणि इथेच विचारा की खाली कुठला घाट चालू आहे. गावातून दोन वाटा फुटतात. करूळ घाट वैभववाडीला उतरतो, भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. तुमच्यासाठी करूळ. पण हा घाट दरडींमुळे आणि कामासाठी याआधी बंद राहिलेला आहे. 2024 मध्ये काँक्रिटीकरणासाठी तो महिनोन्महिने बंद होता. म्हणून आदल्या दिवशी तारकर्लीच्या तुमच्या घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोन करून विचारा. त्यांच्याकडे रोज घाटावरून माणसं उतरतात, त्यांना ताजं माहीत असतं. करूळ बंद असेल तर कोल्हापुरातूनच राधानगरी–दाजीपूरमार्गे फोंडा घाट धरा, तो कणकवलीला उतरतो. तो अभयारण्याच्या कडेचा रस्ता आहे, गवे आडवे येतात, म्हणून तोही उजेडातच. घाटात नेटवर्क जातं, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा.

घाट उतरताना जुन्या ड्रायव्हरांचं एक वाक्य असतं: ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. तेच धरा. दुसरा गिअर, तीव्र वळणाला गरज पडली तर पहिला, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. वेग इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोडला घ्या. डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रल करून उतरवणारे अजून आहेत. आजच्या गाडीत त्याने काही वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाला इंधन जाणंच थांबतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. आणि बंद करून उतरवलीत तर पॉवर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखी होतात.

ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर चार-पाच किलोमीटरनंतर जळका, आंबट वास येतो. पहिल्यांदा सगळे ‘पुढच्या ट्रकचा असेल’ म्हणतात. काच खाली घ्या, ट्रक पुढे जाऊ द्या. वास तरीही येत असेल तर तो तुमच्या चाकांचा आहे. पुढची खूण म्हणजे पेडल नेहमीपेक्षा खोल जातं आणि गाडी तेवढी थांबत नाही. रुंद जागा दिसली की आतल्या अंगाला घ्या, पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद करा, चाकाला दगड लावा आणि वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, तुम्ही उतरताय म्हणजे थांबायचं तुम्ही. आंधळ्या वळणाला हॉर्न. आणि पुढे एसटी असेल तर तिच्या मागे पुरेसं अंतर ठेवून उतरा. तिचा ड्रायव्हर त्या वळणांवर रोजचा असतो, तो कुठे गिअर टाकतो, कुठे बाहेरून घेतो ते बघत आलात तर निम्मं काम होतं. फोटोसाठी वळणावर गाडी उभी करू नका, कितीही सुंदर दरी दिसली तरी.

खाली उतरलात की हवा बदलते, दमटपणा जाणवतो, आणि सगळ्यांना पोचल्यासारखं वाटतं. अजून नव्वद-शंभर किलोमीटर बाकी आहेत. दुपारची सुस्ती इथेच गाठते, म्हणून या टप्प्यात चालकाशी बोलत राहा. गाडीत बिअर उघडायची इच्छा होते ती याच वेळी. मागे बसणाऱ्यांनीही नाही. चालकाच्या नाकाशी वास आला की त्याला उशीर सोसवत नाही आणि पाय जड होतो. गाडी अंगणात लागली की मग तुमचं तुम्ही बघा.

पैशांचं थोडक्यात: सुरुवातीलाच सारखी रक्कम काढून एकाकडे द्या आणि डिझेल, नाके, चहा, जेवण सगळं त्यातून करा. प्रत्येक टपरीवर टीटीएमएम करत बसलात तर दर थांब्याला पाच-सात मिनिटं जातात. गाडीमालकाच्या डिझेलचा वाटा त्याला नको म्हणू देऊ नका, आणि गाडीला ओरखडा आला तर दुरुस्ती सगळ्यांत वाटायची हे निघण्याआधी ठरवा.

दुपारी बाराच्या आत तारकर्लीच्या यजमानांना फोन करून रात्री किती ताटं आणि कुणाला काय चालतं ते सांगा. घरगुती ठिकाणी मासळी मोजून आणतात. रात्री आठला ‘सुरमई आहे का’ विचारलंत तर नसते. चार-साडेचारला पोचलात तर डिसेंबरात सूर्यास्त सहा-सव्वासहाला आहे. दीड तास पोहायला-चालायला मिळतो. त्या संध्याकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी गाठायची धडपड करू नका. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये ज्याची पायाभरणी केली तो किल्ला शेवटच्या होडीच्या घाईत पाहण्याचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीने जा, आणि स्कूबाही त्यानंतर.

सगळं ठरल्याप्रमाणे होईलच असं नाही, म्हणून एक वेळ आधीच पक्की करा. दुपारी तीनपर्यंत गगनबावड्याच्या पुढे गेला नसाल, मग कारण काहीही असो, खंबाटकीत अडकलात, पंक्चर झाली, कुणाची तब्येत बिघडली, तर त्या दिवशी घाट उतरायचा नाही. तीनला घाटाच्या तोंडाशी असाल तर मालवण सहाला येतं आणि शेवटचा अरुंद रस्ता सूर्य मावळताना लागतो. त्याहून उशीर झाला की तो काळोखात लागतो, आणि फार झाला तर घाटच संधिप्रकाशात येतो. महामार्गावर बंद पडलात तर 1033, अपघात असेल तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108, आणि मदत येईपर्यंत सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. तीन वाजून गेले असतील तर सरळ कोल्हापुरात खोली घ्या. तारकर्लीच्या यजमानांना कळवा की उद्या दुपारी येतो; एका रात्रीचं भाडं जाईल, ते पाच जणांत वाटलं तर फार नाही. आणि त्या रात्री, गाडी लावलेली असताना, तांबडा-पांढरा पोटभर खा.